मिरचीची आग आणि मानेतला नाका

हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथारींवरून जायचं म्हणजे गाडीच्या काचा लावलेल्या असल्या तरी ठसका लागतोच. नजर पोहोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि कडेला नाकातोंडाला पदर बांधून बाया देठं खुडत बसलेल्या असतात. माझी मावशी काही वर्षं या कामाला जायची. संध्याकाळी घरी आली की म्हणायची, "हातनी आग व्हई राह्यनी व माय!" आणि मग चुलीवरचं कोमट पाणी हातावर घेतलं की ओरडायची. तेच पाणी आम्हा पोरांना नुसतं ऊन लागायचं.

मावशी उगाच ओरडत नव्हती. आपल्या कातडीत ज्या मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात, त्यांतल्या काहींवर एक बारीकसं दार असतं. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की ते उघडतं आणि ‘भाजतंय’ अशी वर्दी जाते. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं. शिवाय ते इतकं हळवं करून ठेवतं की पुढे कोमट पाणीही पुरतं. (उन्हाळ्यात आपल्याकडची हवा 43च्या वर जाते, तरी आपण दिवसभर बोंबलत नाही, कारण घाम कातडीला त्याच्या खाली ठेवतो.) हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली मिरचीच्याच मदतीने शोधून काढलं. त्या कामासाठी त्यांना 2021 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण वर्दी गेली म्हणजे लगेच दुखलं असं होत नाही. मधे मज्जारज्जू आहे. शाळेत आपल्याला तो तारेसारखा शिकवला: इकडून निरोप आला, तिकडे मेंदूकडे गेला. मला वाटतं, या एका चित्राने जितका घोटाळा केला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू जेमतेम 45 सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड. पाठीचा कणा कमरेच्या खालपर्यंत जातो, पण हा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. आडवा कापून पाहिला तर मधोमध करड्या रंगाचं फुलपाखरू दिसतं. त्याच्या पाठीकडच्या पंखांत कातडीचे निरोप येऊन उतरतात. हाताचे मानेत, पायाचे खाली. ब्रोर रेक्सेद या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1952 साली मांजराच्या मज्जारज्जूत या करड्या भागाचे दहा थर मोजले. वेदनेचं बरंचसं काम वरच्या एकदोन थरांतच चालतं.

निरोप आणणारे तंतूही सगळे सारखे नाहीत. तवा चुकून हाताला लागला की आधी चर्रकन चटका बसतो आणि क्षणभराने आग सुरू होते. चटका आणणाऱ्या तंतूंवर पातळ वेष्टण असतं, ते सेकंदाला पाच ते तीस मीटर धावतात. आगीच्या तंतूंवर वेष्टणच नसतं. सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे बैलगाडीची चाल. आणि हात तव्यावरून उचलला जातो तो मेंदूला विचारून नव्हे. चटक्याचा निरोप मानेत पोहोचताच तिथल्या तिथे स्नायूंना हुकूम सुटतो. ‘भाजलं’ हे आपल्याला नंतर कळतं.

तिसरा प्रकार स्पर्शाच्या तंतूंचा. हे जाड आणि सगळ्यांत वेगवान. गंमत इथे सुरू होते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. आपण त्याला जकात नाका म्हणू. वेदनेचे तंतू तो उघडायला बघतात. स्पर्शाचे तंतू तिथल्या छोट्या पेशींना उठवतात आणि त्या पेशी नाका आवळतात. गुडघा आपटला की हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळतो. तेव्हा स्पर्शाचे निरोप गर्दी करतात आणि वेदनेचा माल नाक्यावर अडतो. त्या दोघांनी काढलेल्या आकृतीतले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण नाका आहे ही गोष्ट टिकली.

या नाक्यावर वरूनही फोन येतात. मेंदूच्या बुंध्यातून खाली येणारे तंतू कधी ‘अडवा’ सांगतात, कधी ‘सोडा’. अडवताना शरीर स्वतःचीच अफूसारखी रसायनं वापरतं; त्यांतलं एन्केफॅलिन 1975 साली सापडलं. अफूतलं मॉर्फिन पाठीच्या कण्यात अगदी थोडं टोचलं तरी काम करतं, कारण ते थेट नाक्यावरच पोहोचतं.

मावशीची खरी तक्रार मात्र निराळी होती. आग बोटांना, पण संध्याकाळी मनगटाच्या वर पदर घासला तरी तिला सहन व्हायचं नाही. तिथे तर मिरची लागलेलीच नसायची! घरात कुणी म्हणायचं, नखरे करते.

नखरे नव्हते ते. आगीचे तंतू तासन्‌तास निरोप पाठवत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी तापतात. त्यांच्यावरची काही दारं एरवी मॅग्नेशियमच्या बुचाने बंद असतात. सततच्या माऱ्याने बूच उडतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि एकाच्या जागी दहा हाका घालाव्यात तशी ती वागू लागते. मग शेजारच्या कातडीवरून आलेला साधा स्पर्शही वेदनेच्या खात्यात जमा होतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 साली उंदरांवर दाखवलं की हा बदल जखमेत नसून मज्जारज्जूत असतो. पुढे 1992 साली एरिक टोरेब्यॉर्क आणि सहकाऱ्यांनी माणसांवर प्रयोग केला. आधी मज्जातंतूला असा हलका विजेचा धक्का दिला की नुसता स्पर्श जाणवावा. मग कातडीत कॅप्सेसिन टोचलं. त्यानंतर तोच धक्का, तोच तंतू. पण आता दुखलं. या दुसऱ्या धक्क्याच्या वेळी कातडीला हातही लावलेला नव्हता.

‘एक्सरे नॉर्मल आहे’ म्हणून वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला परत पाठवतात, तेव्हा हा प्रयोग मला आठवतो. अशा काही दुखण्यांत डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारखी औषधं देतात. दुखतंय पायाला आणि गोळी झटके येणाऱ्यांची कशी, असं पेशंटला वाटतं. ती मज्जारज्जूतल्या पेशींचा गलका कमी करते.

मावशीने यातलं काही वाचलं नव्हतं. पण पुढेपुढे पथारीवरून आली की ती लगेच पाण्याला हात लावायची नाही. आधी वाटीभर गोडंतेल घ्यायची आणि मनगटापासून बोटांपर्यंत सावकाश चोळत बसायची. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आणि चोळल्याचे निरोप मानेतल्या नाक्यावर पोहोचत असणारच. चोळून झालं की राखेने हात घासायची, आणि मग कुठे भाकरीच्या पिठाला हात घालायची. एकदा तेल न लावताच पीठ मळलं होतं, तेव्हा पहिल्या भाकरीलाच आम्ही सगळे पाण्याच्या तांब्याकडे धावलो होतो.