लग्न कोण लावणार? इस्रायलचा धर्मकायदा आणि त्यात सापडलेली कोकणातली माणसं

इस्रायल नक्की ज्यू राष्ट्र की लोकशाही राष्ट्र यावर बातम्यांमध्ये वाद पेटला की लोक थेट न्यायालयांच्या अधिकारांवरून निघालेल्या २०२३ च्या मोर्च्यांपासून सुरुवात करतात. पण हे दुखणं फार जुनं आहे, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणसांच्या अंगावर शेकलंय हे इकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. म्हणून हा लांबलचक प्रपंच.

आधी एक सांगून टाकतो, लग्न आणि घटस्फोट धर्मगुरूंच्या हातात द्यायची कल्पना इस्रायलने काढलेली नाहीच. ती ऑटोमन तुर्कांची. त्यांच्या राज्यात मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू, ज्याच्या त्याच्या घरगुती भानगडी ज्याच्या त्याच्या धर्माच्या कोर्टात जायच्या. मग पॅलेस्टाइनमध्ये इंग्रज आले, त्यांना असली व्यवस्था मोडायची हौस नव्हतीच (आपल्याकडेही वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण असंच वाटून दिलं होतं), त्यांनी ती कायम ठेवली, वर १९२१ मध्ये मुख्य रब्बींची म्हणजे ज्यू धर्मगुरूंची संस्था उभी केली, एक अश्केनाझी (युरोपीय ज्यूंचा) रब्बी आणि एक सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंचा). आज जिला रॅबिनेट म्हणतात ती हीच.

आता १९४७. युनोची कमिटी पॅलेस्टाइनचं काय करायचं ते बघायला आली होती. ज्यूंचा पुढारी आणि पुढे पहिला पंतप्रधान झालेल्या बेन-गुरियनला तिच्यासमोर ज्यूंची फाटाफूट दिसायला नको होती, आणि अगुदात इस्रायल नावाचा कर्मठांचा पक्ष तर देव मसीहाला पाठवेपर्यंत ज्यू राज्य नकोच या मताकडे झुकणारा. बेन-गुरियन स्वतः काही सोवळंओवळं पाळणारा नव्हता. तरी १९ जून १९४७ ला त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी सही करून या पक्षाला एक पत्र दिलं. त्यात चार गोष्टी कबूल केल्या. शनिवार म्हणजे शब्बाथ सुट्टीचा दिवस, सरकारी स्वयंपाकघरात कोशर म्हणजे धर्माला चालणारं अन्न, कर्मठांच्या शाळांना स्वायत्तता, आणि लग्नाच्या बाबतीत ज्यू समाजाचे दोन तुकडे पडणार नाहीत अशी व्यवस्था. पहिल्या तीन गोष्टींवरून आजही भांडणं होतात पण निभावतं. चौथीने मात्र माणसांच्या घरात हात घातला.

पुढच्या वर्षी स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा मसुद्यात देवाचं नाव घालायचं की नाही यावरून शेवटपर्यंत घासाघीस चालली होती, शेवटी ‘इस्रायलचा खडक’ असे शब्द घातले, देव मानणाऱ्याने देव समजावा, न मानणाऱ्याने काय वाटेल ते. त्याच घोषणेत १ ऑक्टोबर १९४८ पर्यंत राज्यघटना तयार होईल असंही होतं. ती आजतागायत झालेली नाही. कर्मठ म्हणाले आमची घटना म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ, दुसरी कशाला, आणि बेन-गुरियनलाही स्वतःचे हात बांधून घ्यायचे नव्हते. १९५० मध्ये तोडगा निघाला की एकेक मूलभूत कायदा करत जाऊ. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. घटना नाही, क्नेसेट म्हणजे संसदेत १२० जागा, एकाही पक्षाला स्वबळावर ६१ कधीच मिळालेल्या नाहीत, म्हणजे छोट्या धार्मिक पक्षांशिवाय सरकार बनवणं जवळपास अशक्य. मग धर्मकायद्याचं काय ते तत्त्वावर कशाला ठरतंय, बेरजेवर ठरतं.

१९५० मध्ये परतीचा कायदा आला, जगातल्या कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क. ज्यू म्हणजे कोण ते लिहिलंच नाही. १९५३ मध्ये दुसरा कायदा, इस्रायलमधल्या ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट तोराच्या कायद्याने आणि रब्बींच्या कोर्टातच. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या संसदेने स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट केला, धर्म बाजूला ठेवून रजिस्ट्रारसमोर लग्न करायची मोकळीक. इस्रायलमध्ये ती वाट ठेवलीच नाही. मुसलमान, ख्रिश्चन आणि पुढे द्रुझ यांचीही तीच गत, ज्याचा त्याचा काझी नाहीतर पाद्री.

आणि आता आपली माणसं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल पट्ट्यात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. घरात मराठी, नवस फेडायला मलिदा हा गोड पोह्यांचा नैवेद्य आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण, लग्नाआधी मेंदी. त्यांच्यात सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा परका ज्यू आला आणि त्याने परीक्षा म्हणून बायकांना मासे रांधायला दिले, त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली. धर्मग्रंथ हाताशी नसताना शेकडो वर्षं शनिवार, सुंता आणि शेमा ही प्रार्थना धरून ठेवली होती.

१९४८ नंतर हे लोक हजारोंनी इस्रायलला गेले. इथे त्यांना कुणी हाकललं नव्हतं, छळ तर मुळीच नव्हता, गेले ते श्रद्धेपोटी आणि थोडं बऱ्या आयुष्याच्या आशेने. तिकडे बीरशेबा, दिमोना, लोदसारख्या ठिकाणी वसले, काहींना रंगावरून बोलणी खावी लागली, काहीजण तर धरणं धरून १९५२ मध्ये भारतात परतसुद्धा आले. खरा झटका मात्र लग्नाच्या नोंदणीच्या खिडकीवर बसला. काही रब्बी बेने इस्रायल मुलामुलींचं इतर ज्यूंशी लग्न लावायला नकार द्यायला लागले.

कारण काय, तर तुमच्या आज्यापणज्यांचे घटस्फोट धर्माप्रमाणे झालेत की नाहीत कुणास ठाऊक. हलाखा म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे नवऱ्याने बायकोच्या हाती ‘गेट’ हा लेखी कागद दिल्याशिवाय घटस्फोट होत नाही. कागदाशिवाय त्या बाईने दुसरा घरोबा केला तर पहिलं लग्न कायमच समजतात, आणि दुसऱ्या नवऱ्याची मुलं ‘मामझेर’ ठरतात, ज्यांच्याशी बाकीच्या ज्यूंनी लग्न करायचं नाही, पुढच्या दहा पिढ्या. भारतात सरकारी कोर्टात रीतसर झालेला घटस्फोट इथे काही कामाचा नाही, उलट संशयाचं कारण.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या रॅबिनेटने जाहीर केलं की बेने इस्रायलशी लग्नाला हरकत नाही. सगळे खूश. पण १९६२ च्या सुरुवातीला नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या की अशा वेळी मुलाच्या किंवा मुलीच्या आईची, आजीची, आणि जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा, कुणी बाहेरचं घरात आलंय का, कुणाचा काडीमोड कसा झाला. आता मला सांगा, रोह्याजवळच्या खेड्यात पणजीच्या लग्नाचं दप्तर कोण ठेवणार, आणि ठेवलं तरी कोकणातला पाऊस आणि वाळवी ते शिल्लक ठेवणार का? पोलंडहून आलेल्याला हा प्रश्न नाही, जमात म्हणून फक्त यांनाच.

१९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेमला येऊन बसले, बायकापोरांसकट, आठवडेच्या आठवडे. ऑगस्टमध्ये क्नेसेटचं खास अधिवेशन बोलवावं लागलं, पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, वेगळी वागणूक नको. महिना संपता संपता रॅबिनेटने सूचनेतून बेने इस्रायल हे नाव काढलं आणि त्याजागी ज्या कुणाबद्दल शंका येईल तो, असं घातलं. म्हणजे नाव गेलं, चौकशी राहिली. तरी विजय मोठाच, कारण मूठभर मराठी माणसांनी धर्मपीठाला शब्द बदलायला लावला.

ज्यू कोण हा प्रश्न मात्र मोकाटच होता. १९६२ मध्ये ब्रदर डॅनियलचं प्रकरण झालं, जन्माने ज्यू, नाझींपासून कित्येक ज्यूंना वाचवलेला, नंतर कॅथलिक साधू झालेला माणूस. हलाखाप्रमाणे ज्यू आईचा मुलगा ज्यूच राहतो, पण सुप्रीम कोर्ट म्हणालं की साध्या माणसाच्या समजुतीत पाद्री ज्यू नसतो, म्हणून परतीच्या कायद्याचा हक्क नाही. धर्म सोडवत होता आणि सेक्युलर कोर्टाने अडवलं! मग १९७० मध्ये नौदलातल्या शालीत नावाच्या अधिकाऱ्याने ज्यू नसलेल्या बायकोपासूनच्या मुलांची नोंद ज्यू म्हणून करा असा दावा ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला, धार्मिक पक्ष भडकले, आणि त्याच वर्षी कायद्यात व्याख्या आली. ज्यू आईचा किंवा धर्मांतर करून ज्यू झालेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला तो ज्यू. पण तडजोड म्हणून ज्यूच्या नातवंडालाही यायचा हक्क दिला.

हे पक्ष नाराज झाले की काय होतं ते पंतप्रधान राबिनने १९७६ मध्ये पाहिलं. अमेरिकेची पहिली एफ-१५ विमानं शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होण्याच्या तोंडावर उतरली, समारंभ लांबला, शब्बाथ मोडला म्हणून अविश्वास ठराव आला, सरकारातलाच धार्मिक पक्ष मतदानाला तटस्थ राहिला, आणि गोष्ट थेट निवडणुकीपर्यंत गेली.

नातवंडांच्या कलमाने पुढे नवीनच गुंता केला. १९८९ नंतर सोव्हिएत युनियनमधून दहा लाखांच्या आसपास लोक आले, त्यातले लाखो जण नागरिक म्हणून पक्के, सैन्यात जातात, कर भरतात, पण आई ज्यू नाही म्हणून रॅबिनेटच्या लेखी ज्यू नाहीत, देशात लग्न करू शकत नाहीत. ते सायप्रसला जातात. तिथलं लग्न इस्रायली नोंदणी क्लार्कने नोंदवलंच पाहिजे असं कोर्टाने १९६३ मध्येच ठरवून दिलंय. २०२३ मध्ये तर अमेरिकेतल्या युटा राज्यामार्फत व्हिडिओ कॉलवर केलेली लग्नंही नोंदवा असा निकाल आला, म्हणजे नवराबायको तेल अवीवमध्ये आपल्या सोफ्यावर आणि लग्न लावणारा अधिकारी अमेरिकेत. तेच लग्न तेल अवीवच्या सरकारी ऑफिसात लावायला कायदा नाही. सिव्हिल मॅरेजची विधेयकं क्नेसेटमध्ये येतात, कुठल्या ना कुठल्या आघाडीत धार्मिक पक्ष असतोच, आणि विधेयक पडतं.