लेसशिवाय बूट : पार्श्वभूमी

चेन कपड्यांसाठी शोधली गेली असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात १८९३च्या अमेरिकी पेटंटमधला तिचा पहिला अवतार बुटांसाठी होता. उंच बूट घालताना जाणारा वेळ वाचावा, एवढाच हेतू. ती सारखी उघडायची. भरवशाची चेन यायला १९१३ उजाडले, आणि ‘झिपर’ हे नावसुद्धा १९२३च्या सुमारास आलेल्या एका रबरी बुटाचे होते.

वेल्क्रोचे मूळ स्वित्झर्लंडमधले. कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे पाहून एका अभियंत्याला १९४१मध्ये ही कल्पना सुचली. खेळाच्या बुटांवर ती १९६८मध्ये आली, पण पुढे लहान मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे बूट असा तिच्यावर शिक्का बसला. बोटांत जोर नसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हा शिक्का किती बोचत असेल, याचा विचार बूट बनवणाऱ्यांनी बराच काळ केला नाही.

तो २०१२मध्ये करावा लागला. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेल्या एका अमेरिकी मुलाने एका मोठ्या क्रीडासाहित्य कंपनीला पत्र लिहिले : बाकी कपडे माझे मी घालतो, पण कॉलेजला गेल्यावर रोज बुटाची लेस बांधायला आईवडील कुठून आणू? त्यातून २०१५मध्ये टाचेमागून चेनने उघडणारा बास्केटबॉलचा बूट बाजारात आला.

खरा वाद झाला तो २०२१मध्ये. त्याच कंपनीने हात न लावता घालता येणारा बूट आणला. तळव्यात मधोमध बिजागरी. उघड्या बुटात पाय सरकवून वजन टाकले की तो मिटतो, आणि दुसऱ्या पायाने टाच दाबली की पुन्हा उघडतो. रचना अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण सुरुवातीला हा बूट कंपनीच्या मोजक्या सदस्य-ग्राहकांनाच मिळाला. पुनर्विक्री करणाऱ्यांनी तो उचलला आणि किंमत मूळ १२० डॉलरच्या कितीतरी वर गेली. जाहिरातीचा भर घाईत असलेल्या, हात मोकळे नसलेल्या सर्वसामान्य ग्राहकावर होता. अपंग व्यक्तींचा ठळक उल्लेख नव्हता. वस्तू सर्वांसाठी म्हणून विकली तर ‘खास अपंगांची’ हा ठपका लागत नाही, ही बाजू समजण्यासारखी आहे. माल मुबलक असता तर ती पटलीही असती. माल मोजका ठेवला की ‘सर्वांसाठी’चा अर्थ ‘आधी पोचेल त्याच्यासाठी’ असा होतो, आणि ज्यांच्या गरजेतून ही वाट सुरू झाली तेच मागे राहतात. कंपनीने पुढे पुरवठा वाढवला, तरी पहिल्या विक्रीबद्दलची नाराजी रास्तच होती.

तारेची चकती याआधीची. तिच्यात लेसऐवजी बारीक तार असते आणि चकती फिरवली की ती ताणली जाते. २००१च्या सुमारास ती स्नोबोर्डच्या (बर्फावरून घसरायच्या फळीच्या) बुटांवर आली आणि एका हाताने घट्ट करता येते म्हणून तिथून पसरली. इलॅस्टिकची लेस ट्रायथलॉनवाल्यांनी (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत करणाऱ्यांनी) काही सेकंद वाचवायला उचलून धरली. ती जुन्याच बुटात ओवता येते, म्हणून नवा जोड घ्यावा लागत नाही. पण पायाला आधारपट्टी असेल तर तेवढ्याने भागत नाही. पट्टीसकट पाय आत जायला बुटाचे तोंड रुंद उघडावे लागते, आणि तिथे टाचेमागची चेन किंवा पुढपर्यंत उघडणारे वेल्क्रोच उपयोगी पडते.