क्लिनिकल संशोधन समन्वय

नव्या औषधाची, उपकरणाची किंवा उपचारपद्धतीची माणसांवर चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना रुग्णालयाच्या विभागात रोजच्या कामात साथ देणे आणि ती चाचणी मंजूर प्रोटोकॉल (चाचणीचा लेखी आराखडा), नैतिक तत्त्वे व कायदा यांना धरून चालली आहे ना, हे पाहणे म्हणजे क्लिनिकल संशोधन समन्वय. हे काम करणारी व्यक्ती म्हणजे समन्वयक. विभागात मात्र सगळे ‘कोऑर्डिनेटर’च म्हणतात.

हे कागद सांभाळण्याचे काम आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. या कागदांमागचे नियम माणसांच्या रक्षणासाठी आले आहेत. अमेरिकेतील टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा आजार कसा वाढतो हे संशोधक नुसते पाहत राहिले. त्यांना खरे निदान सांगितले गेले नाही, आणि पेनिसिलीन हा मान्य उपचार ठरल्यावरही ते दिले गेले नाही. हे उघडकीस आल्यावर त्या देशात 1974 चा संशोधनविषयक कायदा आणि संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडणारा 1979 चा बेलमाँट अहवाल आला. त्याआधी माणसांवरील संशोधनासाठी 1947 ची न्यूरेंबर्ग संहिता आणि 1964 चे हेलसिंकी घोषणापत्र झालेच होते. आज बहुतेक देशांतील चाचण्या 1996 साली प्रथम ठरलेल्या ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’ म्हणजे जीसीपीच्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालतात. देशोदेशीचे कायदे त्यावर आणखी अटी घालतात.

चाचणीची जबाबदारी मुख्य संशोधकाची असते. कामे वाटून देता येतात, जबाबदारी देता येत नाही. कोणते काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून, हे डेलिगेशन लॉगमध्ये सहीनिशी लिहिलेले असते. लॉगमध्ये नाव चढण्याआधीच एखाद्या परिचारिकेने चाचणीसाठी रक्त घेतले, तर रक्त कितीही नीट घेतलेले असो, ती त्रुटीच ठरते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते संमतीपत्राकडे. समजा, औषधाचा एक नवा दुष्परिणाम लक्षात आला, संमतीपत्रात त्याची भर पडली आणि नैतिकता समितीने (चाचण्यांना नैतिक बाजू तपासून मंजुरी देणारी समिती) नवी आवृत्ती मंजूर केली. पण ओपीडीच्या खणात जुन्या प्रतींचा गठ्ठा तसाच राहिला. सकाळच्या गर्दीत कोणीतरी वरची प्रत उचलते आणि रुग्ण सही करतो. त्या सहीत त्याला ठाऊक असायला हवी ती गोष्टच नसते. म्हणून जाणता समन्वयक मंजुरीचे पत्र हाती येताच आधी खण रिकामा करतो. मग चाचणीत असलेल्या कोणाकोणाची पुन्हा संमती घ्यायची याची यादी काढतो. संमती चाचणीची कोणतीही तपासणी होण्यापूर्वी घ्यायची असते आणि सही झालेली प्रत रुग्णालाही द्यायची असते.

नोंदींचा दंडक असा, की कोणी आणि कधी लिहिले ते कळावे, अक्षर वाचता यावे, नोंद त्याच वेळची, मूळ आणि अचूक असावी. चूक झाली तर व्हाइटनर चालत नाही. एकच रेघ मारायची, खालचा आकडा दिसत राहिला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरे आणि तारीख. मागची तारीख घालून नोंद ‘पूर्ण’ करणे हा खोटेपणा आहे. राहिलेली नोंद आजच्या तारखेने, उशिराची म्हणून लिहिणे प्रामाणिकपणाचे.

गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे एसएई, ओळखताना नवखे चुकतात. इथे ‘गंभीर’ म्हणजे त्रास किती तीव्र आहे ते नव्हे. मृत्यू, जिवाला धोका, भरती व्हावे लागणे किंवा भरतीचा काळ लांबणे, कायमचे अपंगत्व, जन्मजात दोष हे निकष आहेत. चाचणीतला रुग्ण घरी पाय घसरून पडला आणि अस्थिभंगासाठी भरती झाला, तर औषधाशी संबंध नाही असे वाटले तरी ती एसएईच. तो चक्कर येऊन पडला का, आणि ती चक्कर औषधाने आली होती का, हे नंतर तपासता येते. आधी कळवले पाहिजे. बहुतेक प्रोटोकॉल प्रायोजकाला, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, कळवण्यासाठी 24 तासांची मुदत देतात.

चाचणी संपल्यावरही फाइली वर्षानुवर्षे जपाव्या लागतात; औषधांच्या चाचण्यांसाठी युरोपीय संघाच्या नियमात ही मुदत किमान 25 वर्षे आहे. ईसीजीचा थर्मल कागद तेवढा टिकत नाही, अक्षरे पुसट होत जातात. म्हणून ईसीजी निघाला त्याच दिवशी त्याची छायाप्रत काढून, ती मूळ प्रतीशी जुळते असे सही-तारखेनिशी नोंदवून, दोन्ही कागद एकत्र फाइलला लावतात.