सुट्या छपराच्या गाडीचे थकलेले रबर

१९६५ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शने ९११ या गाडीचा ‘टार्गा’ प्रकार लोकांपुढे ठेवला. तिच्या छपराचा मधला भाग काढून ठेवता येत असे. १९६८च्या मॉडेलपासून अमेरिकेतील शेव्हरले कॉर्व्हेटलाही सुटे छप्पर मिळाले; मात्र ते दोन फळ्यांचे होते आणि त्या फळ्यांच्या मधोमध, पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागच्या खांबांपर्यंत, एक दांडा कायमचा बसवलेला होता. मूळ बेत एकसंध फळीचाच होता, पण चालत्या गाडीचा सांगाडा थोडा थोडा पिळवटतो आणि त्या पिळाला आवर घालायला मधला दांडा आवश्यक ठरला. या पिढीची कॉर्व्हेट १९८२पर्यंत बनत होती, म्हणजे तिच्यातील सर्वांत नवी गाडीही आज चाळिशी ओलांडून गेली आहे. अशा गाडीच्या मालकाला एक काम कधी ना कधी करावेच लागते, ते म्हणजे छपराभोवतीचे रबर, आपल्या गॅरेजमधल्या भाषेत बीडिंग, बदलण्याचे.

साध्या गाडीत खिडकीच्या काचेभोवती दाराचीच धातूची चौकट असते आणि काच त्या चौकटीतल्या खाचेत सरकते. सुट्या छपराच्या कॉर्व्हेटमध्ये काचेला वरची चौकटच नसते. वर चढवलेल्या काचेची कड थेट छपराच्या फळीला लावलेल्या रबरावर टेकते. त्यामुळे पुढचा खांब, पुढच्या काचेवरची आडवी पट्टी, छपराची फळी आणि दाराची काच असे चार वेगवेगळे भाग एका कोपऱ्यात भेटतात, त्यांतील दोन रोज हलतात आणि एक तर उचलून बाजूला ठेवला जातो. पाणी गळते ते बहुधा याच कोपऱ्यातून. सरळ लांबीचे रबर साच्याच्या तोंडातून अखंड पट्टीसारखे काढता येते, पण कोपऱ्याचा तुकडा वेगळ्या साच्यात घडवून त्या पट्टीला जोडावा लागतो, आणि त्याचा आकार अगदी थोडा चुकला तरी फट राहते.

रबर फट बुजवते ते स्प्रिंगसारखे वागून. दाबले की ते मागे सरते आणि दाब हटताच परत येऊ पाहते. हे परत येणेच त्याला टेकलेल्या काचेशी चिकटून ठेवते. रबराचे लांबलचक, गुंतलेले रेणू व्हल्कनीकरणात, म्हणजे रबर गंधकासह तापवण्याच्या प्रक्रियेत, गंधकाच्या छोट्या पुलांनी एकमेकांना बांधले जातात आणि हे पूलच रबराला त्याचा मूळ आकार ‘लक्षात’ ठेवायला लावतात. पण वर्षानुवर्षे दाबलेल्या अवस्थेत आणि उन्हात राहिलेल्या रबरात जुने पूल तुटतात, नवे पूल त्या दबलेल्या आकारातच तयार होतात, आणि तोच आकार रबराचा कायमचा आकार होऊन बसतो. ही हानी मोजण्याची रीत सोपी आहे. १० मिलिमीटर जाडीचा तुकडा ७.५ मिलिमीटरपर्यंत दाबून ठरावीक तास उष्णतेत ठेवायचा, मग सोडून द्यायचा. तो ८.५ मिलिमीटरपर्यंतच परत आला, तर दाबलेल्या २.५ मिलिमीटरपैकी १.५ मिलिमीटर, म्हणजे ६० टक्के उंची त्याने कायमची गमावली. वरून काळेभोर आणि अखंड दिसणारे रबरही असे आतून संपलेले असू शकते. म्हणून नुसत्या दिसण्यावरून रबराची परीक्षा करू नये, असे माझे ठाम मत आहे.

भेगा पडणे हा वेगळा आजार आहे. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतील अत्यल्प ओझोनही ते तोडतो; भेगा ताणाच्या दिशेला आडव्या पडतात, म्हणूनच वळणावर ताणलेले रबर आधी फाटते. आज दारे आणि छपरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ऊन आणि ओझोन यांच्यापुढे ते कितीतरी अधिक टिकते. त्याचे वैर आहे खनिज तेलाशी. तेल त्यात शिरते, ते फुगते आणि मऊ पडते. गाडीचे रबर चकचकीत दिसावे म्हणून पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल चोळण्याची सवय आपल्याकडेही आढळते, आणि ती साध्या गाडीच्या दारांनाही तितकीच घातक आहे. त्याऐवजी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो.

आता वाऱ्याचा विचार करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब सुमारे ४६० पास्कल असतो. हा आकडा किरकोळ वाटेल, पण एवढा दाब पाण्याचा जवळजवळ ४७ मिलिमीटर उंच स्तंभ तोलून धरू शकतो, म्हणजेच उभ्या गाडीत जे पाणी रबराच्या कडेबाहेर थांबते, ते धावत्या गाडीत आत ढकलले जाऊ शकते. शिवाय पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून हवा वळते तिथे छपरावर उलट ओढ तयार होते. ती वर सांगितलेल्या दाबाइतकीच धरली, तर अर्ध्या चौरस मीटरच्या फळीला सुमारे २३ किलो वजनाइतके बळ वर खेचत असते. फळी केसभर उचलली जाते, दाराची काच बाहेर झुकते, आणि त्या वाढलेल्या फटीचा पाठलाग रबराने करायचा असतो. चपटे झालेले रबर इथेच हरते. अंगणात पाइपने पाणी मारून केलेली परीक्षा म्हणूनच अपुरी आहे. आवाजाचेही असेच आहे: वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती सुमारे ६४ पट होते, आणि शहरात ऐकूही न येणारी फट महामार्गावर शिट्टी वाजवू लागते.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ जावा तो जुना गोंद काढण्यात. कॉर्व्हेटचे बाह्यांग फायबरग्लासचे आहे, त्यामुळे लोखंडी पाते किंवा जहाल द्रावक वापरला तर रंगासह खालचा थरही दुखावतो. प्लास्टिकचे पाते आणि सौम्य द्रावक यांनी, हवा खेळती ठेवून, सावकाश खरवडावे. नवे रबर आधी गोंदाशिवाय बसवून पाहावे आणि कोपरे जागेवर येतात याची खात्री झाल्यावरच चिकटवावे. चिकटवताना दोन्ही पृष्ठभागांवर गोंदाचा पातळ थर देऊन तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्यावा. रबर ओढून बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ताणलेले रबर काही आठवड्यांत मूळ लांबीवर येते आणि नेमक्या कोपऱ्यातच फट पाडते. उलट ते किंचित आत ढकलत, जणू थोडे जास्तच झाले आहे अशा बेताने बसवावे.

नवे रबर ताठ असते, म्हणून छप्पर सुरुवातीला जोर लावल्याशिवाय बसत नाही. अशा वेळी रबर कापू नये. छप्पर बंद ठेवून त्याला काही दिवस स्थिरावू द्यावे. त्यानंतर दाराच्या काचेची उंची आणि आतला कल जुळवणे हे खरे कसबाचे काम आहे, कारण जुन्या चपट्या रबराशी जुळवलेली काच नव्या रबराशी जुळेलच असे नाही. काच आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून काच वर करावी आणि पट्टी ओढून पाहावी: ती सगळीकडे सारख्याच अडखळत निघाली पाहिजे. एखाद्या जागी ती सहज सुटली, तर दोष बहुधा रबराचा नसून काचेच्या कलाचा असतो. अशा अनेक गाड्यांत रबराच्या आत एक छोटी पन्हळ आणि पाणी खाली सोडणारी नळीही असते, कारण थोडे पाणी पहिली कड ओलांडणारच, हे आरेखन करणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. ती नळी पानांनी आणि धुळीने तुंबली असेल, तर उत्तम बसवलेले नवे रबरही पाणी अडवू शकत नाही. म्हणून छप्पर लावण्यापूर्वी तिच्यातून पेलाभर पाणी सोडून ते गाडीखाली उतरते का, हे पाहून घ्यावे.