'अल्पसंख्याक' कोण? ज्यू आणि इतर समाजांच्या एकजुटीची पार्श्वभूमी

संख्येने कमी तो अल्पसंख्याक, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. १९९२च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे केंद्र सरकार ज्यांना अधिसूचित करील तेच अल्पसंख्याक. १९९३ साली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी या यादीत आले, २०१४ साली जैन. ज्यू नाहीत. २०११च्या जनगणनेत देशभरात त्यांची संख्या पाच हजारही भरली नाही, तरी नाहीत.

गुंता इथेच संपत नाही. शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्कापुरतं कोण अल्पसंख्याक हे राज्याच्या पातळीवर ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलं. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना हा दर्जा दिला, दोन वर्षांनी गुजरातने. तोवर जन्माच्या, लग्नाच्या दाखल्यावर त्यांचा धर्म 'इतर' या रकान्यात जायचा. ज्या बेने इस्रायली ज्यूंची मायबोली शतकानुशतकं मराठी, त्यांना आपल्याच राज्यात 'इतर' व्हावं लागलं, हे बोचणारं आहे.

राज्याने दर्जा दिला, प्रश्न मिटला, हे म्हणणं मला पटत नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर अल्पसंख्याकांचे सदस्य नेमायचे तेही याच यादीतल्या समाजांतून. बाकीचे समाज जिथे एकमेकांशेजारी बसून आपली गाऱ्हाणी मांडतात, तिथे ज्यूंना खुर्चीच नाही. मग एकजूट बांधायची कुठे?

शेजार मात्र कायद्याच्या आधीपासूनचा आहे. रायगडच्या गावांतून बेने इस्रायली आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले. एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने बेने इस्रायली मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, ताटात भोवतीने फळं. दर्ग्यावर चढतो तो पदार्थ वेगळा, पण नाव मलिदाच.

१९४८नंतर इस्रायलला स्थलांतर वाढलं आणि इथली वस्ती विरळ झाली. भायखळ्यात ज्यू मुलांसाठी निघालेल्या शाळेत पुढे मुस्लिम मुलांचीच संख्या जास्त झाली. कोलकात्यातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांची, देखभाल तर मुस्लिम कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली.

नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर झालेल्या अतिरेकी हल्ल्यात कुलाब्याच्या ज्यू केंद्रातही माणसं मारली गेली. त्या हल्ल्यात ठार झालेल्या नऊ अतिरेक्यांना मुंबईतल्या मुस्लिम विश्वस्तांनी आपल्या कबरस्तानात जागा नाकारली. ही एकजुटीची कृती होती, आणि ती करताना कोणाचं नाव कोणत्या यादीत आहे हे कोणी पाहिलं नव्हतं.