बालीत काय जेवाल, आणि ते आम्हाला कधी सांगाल

बाली सहलीच्या बुकिंगचे पैसे भरण्याआधी निम्मी मंडळी एकच गोष्ट विचारतात, "तिथे जेवायचं काय?" उरलेली निम्मी हेच विमानतळावर विचारतात. हे पत्रक दोघांसाठी आहे, पण खरं तर दुसऱ्या निम्म्यांसाठी.

नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, तुम्हाला ठाऊक आहे. तो आता आपल्याकडच्या मॉलमध्येही मिळतो आणि तसाही तो अख्ख्या इंडोनेशियाचा. इथे आम्ही खास बालीच्या घरात आणि वारुंगमध्ये शिजणाऱ्या जेवणाबद्दल लिहितो आहोत. वारुंग म्हणजे घरगुती खानावळ. चार बाकं, काचेच्या कपाटात मांडलेले पदार्थ आणि मागे चूल. चालवणारी बाई बहुतेक वेळा घरचीच असते. तिला इबू म्हणायचं, म्हणजे आई.

"हिंदू आहेत ना, मग व्हेज मिळेलच"

हे वाक्य आम्ही दर ग्रुपमध्ये ऐकतो. बालीत शंभरातले ऐंशीहून जास्त लोक हिंदू आहेत, हे खरं. पण त्यांचे सण डुकराच्या मांसाशिवाय होत नाहीत. गालुंगान या मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी घरोघरी डुक्कर कापतात आणि पुरुष मंडळी लावारसाठी, म्हणजे भाज्या-मांसाच्या कालवणासाठी, चिरायला बसतात. नैवेद्याच्या ताटातही मांस असतं. गोमांस मात्र बरेच जण टाळतात, पुजारी तर खातच नाहीत.

आणि त्याच घरात रोज भात शिजला की केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात चुलीपाशी, पाण्यापाशी, दाराशी ठेवला जातो. त्याला साइबान म्हणतात. तो ठेवल्याशिवाय घरचं कोणी जेवत नाही. मागे एका ग्रुपमधले सत्तरीचे काका ते बघून म्हणाले, "ही तर आमची चित्राहुती." रस्त्यावर, पायरीवर फुलांची छोटी परडी दिसेल. तिच्यावर पाय पडू देऊ नका.

टेबलावर बसल्यावर सांगू नका

आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, ते आता सांगतो.

उबुद गावाजवळच्या ज्या वारुंगमध्ये आम्ही तुम्हाला जेवायला नेतो, तिथल्या इबू पहाटे पाचला दिवसभराचं वाटण करतात. त्याला बासा गनेप म्हणतात, म्हणजे 'पूर्ण मसाला'. छोटे कांदे, लसूण, मिरच्या, हळद, आलं, कुलिंजन, केंचुर नावाचा आल्याच्याच कुळातला सुवासिक कंद, धणे, मिरी, जायफळ, पिंपळी, केमिरी नावाचं पांढरं तेलकट बी. हे सगळं दगडी खलात जातं. मग इबू डब्यातून सुपारीएवढा तपकिरी तुकडा काढतात, चिमट्यात धरून जाळावर भाजतात, आणि सुकटीच्या डब्याचं झाकण उडाल्यासारखा वास घरभर पसरतो. ही तरासी. जवळ्यासारखी बारीक कोलंबी मीठ घालून, आंबवून, वाळवून केलेला गोळा. तीही त्याच खलात जाते.

सकाळी सहापर्यंत वाटण तयार होतं आणि मग ते भाजीत, वरणासारख्या पातळ रश्श्यात, चिकनमध्ये, सगळ्यात पडतं. दुपारी साडेबाराला तुम्ही टेबलावर बसून "व्हेज, नो फिश" म्हणालात की इबू मान डोलावतात. त्यांच्या लेखी तरासी हा मसाला आहे. नुसतं "मांस खात नाही" म्हटलंत तर मासा चालेल असाच अर्थ तिथे सहसा निघतो. आणि तरासीबद्दल नीट समजावून सांगितलंत, तर त्या बिचाऱ्या खल धुऊन पहिल्यापासून वाटण करायला बसतात.

एकदा आमचे 16 जण होते. त्यातले पाच शाकाहारी, दोघं कांदा-लसूणही न खाणारे, आणि हे आम्हाला कळलं ताट समोर आल्यावर. पहिलं ताट परत गेलं तेव्हा पावणेएक वाजला होता. शेवटचं आलं सव्वादोनला. तिसऱ्या प्रहरी जातिलुवीची भातखाचरं बघायची होती, ज्यांच्या सुबाक या पाटपाण्याच्या पद्धतीला 2012 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, ती. पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि फोटोत फक्त एकमेकांच्या छत्र्या आल्या.

म्हणून नियम एकच. उद्याच्या जेवणाचं आज संध्याकाळी सहाच्या आत सांगा. बुकिंगच्या फॉर्मवर लिहिलेलं असलं तरी पुन्हा सांगा, कारण फॉर्म भरणारा मुलगा असतो आणि जेवणारे आईवडील. अंडं, मासा, तरासी, कांदा, लसूण हे वेगवेगळं सांगा. नुसतं "आम्ही प्युअर" म्हणून भागत नाही. आदल्या संध्याकाळी कळलं तर इबू पहाटे तुमचं वाटण आधी करतात, तरासीचा डबा उघडायच्या आधी. त्यांना जास्तीची दहा मिनिटं लागतात, तुमचा दुपारचा दीड तास वाचतो.

आमच्याशिवाय कुठे खाल्लंत तर दोन शब्द लक्षात ठेवा, "तान्पा तरासी". तान्पा म्हणजे शिवाय. अंड्यासाठी "तान्पा तलुर". आणि ताटात येणारा कुरकुरीत क्रुपुक पापड समजून तोंडात टाकू नका. तो बहुधा कोलंबीचा असतो. एम्पिंग नावाचा चपटा, किंचित कडसर पापड मात्र झाडाच्या बियांचा, तो खुशाल खा.

एवढं सांभाळलं की शाकाहाऱ्यांची चंगळ आहे. उकडलेल्या भाज्यांवर ओलं खोबरं घालून केलेलं उराब, क्लुंगकुंग भागातलं सरोम्बोतान, म्हणजे झणझणीत मिसळीची भाजी, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू, आणि तिपात चान्तोक, म्हणजे शेंगदाण्याच्या वाटणातल्या भाताच्या वड्या आणि भाज्या. (या शेंगदाण्याच्या वाटणातही कधी कधी कोळंबीची पेस्ट घालतात. तेही आम्हीच आधी बघतो.)

काही जण विचारतात, तुम्ही सोबत महाराज का नेत नाही? रोज वरण-भात-पोळी देणाऱ्या सहली आहेत आणि त्यांना गिऱ्हाईकही आहे. आम्हाला ते जमत नाही असं नाही. पण सात दिवस बालीत राहून बटाट्याची भाजीच खायची, तर ती घरी जास्त चांगली होते. चिवडा, लाडू, लोणचं जरूर आणा. तिसऱ्या दिवशी बसमध्ये ते निघतंच, आणि आमच्या ड्रायव्हरलाही शेंगदाण्याची चटणी फार आवडते.

मांसाहारी मंडळींना

बेबेक बतुतु, म्हणजे मसाला भरलेलं बदक, हे ऐन वेळी मागून मिळत नाही. अख्ख्या बदकात बासा गनेप भरतात, केळीच्या पानात आणि वरून पोफळीच्या विरीत बांधतात, आणि भाताच्या तुसाच्या निखाऱ्यांत पुरून सहा-सात तास ठेवतात. विरी सोडली की आधी धुराचा आणि मग हळदीचा वास येतो, आणि मांस चमच्याने निघतं. आम्ही बदकाचे पैसे आदल्या दिवशीच घेतो, याचा काहींना राग येतो. पण बदक पुरल्यावर "आज पोट जरा बरं नाही" म्हटलं तर ते परत उडत नाही. तिखटाची खरी आवड असेल तर पश्चिम टोकाच्या गिलिमानुक बंदराच्या पद्धतीचं कोंबडीचं बतुतु मागा. कोल्हापूरकरांनीही त्यावर दोनदा पाणी प्यायलेलं पाहिलं आहे.

बाबी गुलिंग, सळीवर फिरवून भाजलेलं डुक्कर, गियान्यारचं नावाजलेलं. ते सकाळचं खाणं आहे, एक वाजेतो संपतं. आम्ही तुम्हाला साडेदहाला "जेवायला" नेतो ते याचसाठी. लावार हा चिरलेल्या भाज्या, खोबरं आणि मांसाचा कालवलेला पदार्थ. लाल लावारमध्ये ताजं रक्त असतं. विचारून घ्या आणि लगेच संपवा, बांधून घेऊ नका, तो काही तासांतच उतरतो. साते लिलित मात्र सगळ्यांनी खावं. मासळीचा खिमा खोबऱ्याबरोबर कालवून गवती चहाच्या दांडीभोवती लिंपून भाजतात.

गोड आणि प्यायचं

दादार गुलुंग या गुंडाळलेल्या धिरड्याचं सारण चाखलंत की उकडीचा मोदक आठवेल. तेच खोबरं, फक्त गूळ माडाचा. लाकलाक म्हणजे मातीच्या पात्रातले तांदळाचे छोटे आप्पे, वर खोबरं आणि पातळ गूळ. ते बाजारात सकाळीच खा.

वासनवेलीचा पाला पाण्यात चुरगळला की पाणी थिजतं, हे गावाकडच्यांनी लहानपणी करून पाहिलं असेल. बालीचं हिरवं दालुमान तसंच बनतं. ती वेलही त्याच कुळातली आहे. वर नारळाचं दूध आणि गूळ. पेंग्लिपुरान गावात लोलोह चेमचेम नावाचं पेय मिळतं, आंबट-खारट-तिखट. चेमचेम म्हणजे आपला अंबाडा, फक्त तिथे त्याची पानं वापरतात. आमच्या सहलीत हा थांबा आहे आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कॉफी किंतामानीची घ्या, 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालेली. ग्लासात पूड घालून वरून उकळतं पाणी ओततात. गाळ बसेपर्यंत थांबा आणि शेवटचा घोट सोडून द्या. उदमांजराच्या विष्ठेतली कॉफी दाखवायला आम्ही नेत नाही. त्यासाठी बरीच जनावरं पिंजऱ्यात कोंडलेली असतात.

माडाच्या ताडीला तिथे तुआक म्हणतात आणि ती गाळून आराक बनते. गोव्याचा हुर्राक प्यायलेल्यांना नावावरूनच नातं कळेल. 2020 साली सरकारी नियमाने आराकला रीतसर मान्यता मिळाली. सीलबंद, करपट्टी लावलेली बाटलीच घ्या. सुटी आराक कोणी कितीही आग्रहाने दिली तरी नको. मिथेनॉलमुळे तिथे माणसं दगावली आहेत.

तारखा ठरवताना न्येपी, म्हणजे बालीचा मौनाचा दिवस, बघा. तोही आपल्यासारखाच शकाचा नववर्षदिन. 2026 मध्ये तो आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, 19 मार्चला आले. त्या दिवशी विमानतळही बंद असतो, वारुंग तर असतातच, आणि जेवण फक्त हॉटेलात मिळतं.

भात संपला तर इबूंना "नासी लागी" म्हणा. तो मात्र आदल्या संध्याकाळी सांगावा लागत नाही.