संदर्भलेखन (शोधनिबंधातील)

संशोधनपर नियतकालिकाकडे पाठवायच्या निबंधात इतरांकडून घेतलेल्या विधानाचा, आकड्याचा किंवा अवतरणाचा जागच्या जागी निर्देश करणे आणि त्या सर्व साधनांचा तपशील शेवटी ठरावीक क्रमाने देणे. वाचकाला मूळ पानापर्यंत पोहोचता यावे हा याचा हेतू. विरामचिन्हांचे नियम त्यानंतर येतात. विदर्भाच्या ग्रामीण भागावरील संशोधनात जुनी गॅझेटियरे, जनगणनेच्या पुस्तिका, महसुली उतारे, महानुभाव ग्रंथ व मुलाखती ही साधने वारंवार येतात. प्रचलित नियमपुस्तकांत त्यांची सोय तोकडी असल्याने येथे त्यांचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

पद्धती व उगम : मुख्य पद्धती तीन : लेखक-वर्ष, क्रमांक आणि तळटीप. लेखक-वर्ष पद्धतीला ‘हार्वर्ड’ हे नाव कसे पडले याविषयी मतभेद आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील एका निबंधात (विषय : शंखविहीन गोगलगायीच्या अंड्यांचा विकास) कंसात लेखक व वर्ष दिलेले आढळते, आणि बहुतेक अभ्यासक पद्धतीचा आरंभ तेथे धरतात. नाव मात्र हार्वर्डमधील ग्रंथालयाची पद्धत पाहून गेलेल्या कोणा इंग्रज पाहुण्यामुळे रूढ झाले असावे, असेही म्हटले जाते. ही दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. पहिले पद्धतीविषयी आहे, दुसरे तिच्या नावाविषयी, व पुराव्याचे बळ पहिल्याला अधिक आहे. ‘हार्वर्ड’चे एकच अधिकृत नियमपुस्तक नाही. त्यामुळे एखादे नियतकालिक नुसते ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणते तेव्हा त्याच्या अलीकडच्या अंकातील दोन-तीन निबंध समोर ठेवून नोंदी करणेच सुरक्षित. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची (एपीए) पद्धत याच कुळातली असून तिचे पहिले नियम १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले.

क्रमांक पद्धतीचा इतिहास सरळ आहे. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची बैठक कॅनडातील व्हँकूव्हर येथे झाली आणि पुढच्या वर्षी नियम प्रसिद्ध झाले, म्हणून तिला व्हँकूव्हर पद्धतही म्हणतात. तळटिपांची पद्धत इतिहास व साहित्याच्या मराठी निबंधांत अजून चालू आहे. तत्रैव (लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ), उनि (वर निर्देश केलेला ग्रंथ) हे तिचे नेहमीचे संक्षेप. हस्तलिखितात मध्येच नवी टीप घातली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवते, म्हणून ते अगदी शेवटच्या वाचनात घालावे.

नोंदीची घडण : गडचिरोली जिल्ह्यातील घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगावरील अभय बंग व सहकाऱ्यांचा १९९९ मधील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील निबंध उदाहरणादाखल घेता येतो. त्याचे लेखक पाच. व्हँकूव्हर पद्धतीत सहापर्यंत सर्व नावे देतात, त्यापुढे ‘आणि इतर’. म्हणून येथे पाचही नावे येतात. नोंदीचा शेवट १९९९;३५४:१९५५–६१ असा होतो : वर्ष, अर्धविराम, खंड, अपूर्णविराम, पृष्ठे. शेवटच्या पृष्ठातील समान आकडे गाळल्याने १९६१ चे ६१ होते. एपीएच्या सातव्या आवृत्तीत पृष्ठे पूर्ण लिहितात आणि मजकुरात तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच निर्देशापासून ‘व इतर’ चालते. येथे एक बारकावा सुटतो. याच नियतकालिकातील १९८९ च्या निबंधात राणी बंग पहिल्या लेखिका आहेत. दोन्ही निबंध एकाच लेखात वापरले तर वर्षे वेगळी असूनही मजकुरात आद्याक्षरे द्यावी लागतात. एरवी दोन्ही एकाच व्यक्तीचे वाटतात. एकाच लेखकाची एकाच वर्षीची दोन लेखने असतील तर वर्षापुढे अ, आ जोडावे.

क्रमांक पद्धतीत साधन प्रथम येते त्या जागी क्रमांक मिळतो व पुढे तोच राहतो. केवळ तक्त्यात आलेल्या साधनाला मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जेथे आहे त्यानुसार क्रमांक मिळतो. हे सोडून तक्त्यांना शेवटचे क्रमांक देणे ही सर्रास होणारी चूक आहे.

विदर्भातील साधने : जिल्ह्यांच्या फेररचनेमुळे होणारी चूक सर्वांत गंभीर. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून, वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून आणि गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून गोंदियाजवळच्या गावाचे १९९१ चे आकडे भंडारा जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत सापडतात, आणि नोंदीत ‘गोंदिया, १९९१’ असे लिहिल्यास तशी पुस्तिका कोणालाही मिळणार नाही. आजच्या जिल्ह्याचे नाव मजकुरात द्यावे, नोंदीत नाही. ‘चांदा’ हे नाव असलेल्या गॅझेटियरचे ‘चंद्रपूर’ करणेही त्याच कारणाने चूक.

जुन्या मराठी पुस्तकांवर शालिवाहन शकाचे वर्ष असते. शकात ७८ मिळवून इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर शके १८३२ (१९१०–११) असे दोन्ही द्यावे.

लीळाचरित्राचा निर्देश पृष्ठाने करू नये. विभाग (एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध), लीळाक्रमांक व संपादक हे तिन्ही द्यावेत, कारण संपादित प्रतींत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत.

सात-बाराच्या नोंदीत गाव, तालुका, गट क्रमांक, पीकपाहणीचे वर्ष आणि उतारा घेतल्याची तारीख हवी. पीकपाहणी दरवर्षी बदलते. वर्षाशिवाय कापूस-तुरीच्या क्षेत्राचा आकडा निरुपयोगी ठरतो.

टंकलेखन व क्रम : तालुक्याच्या ठिकाणी कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकन झालेला निबंध युनिकोडमध्ये आणताना संदर्भसूचीचे नुकसान सर्वाधिक होते. या फाँटांत कंस, अपूर्णविराम व जोडरेषा यांच्या कळांवर देवनागरी अक्षरे वा वेगळीच चिन्हे बसवलेली असल्याने सूचीतील इंग्रजी नोंदी व दुवे निरर्थक अक्षरांत बदलतात. ‘वऱ्हाड’, ‘वऱ्हाडपांडे’ यांतील ऱ्ह मोडून ‘वर्हाड’ होते. सूची प्रथमपासून युनिकोडमध्ये वेगळी टंकावी. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) यातले आकडे देवनागरीत बदलू नयेत. दुवा उघडत नाही.

मराठी सूचीत आडनाव आधी व क्रम अकारविल्हे. क्षीरसागर, ज्ञानेश्वर ही नावे मराठी कोशक्रमाने शेवटी येतात, पण संगणक त्यांना अनेकदा क व ज खाली टाकतो. मराठी व इंग्रजी नोंदी मिसळू नयेत, दोन याद्या कराव्यात. झोटेरो ही संदर्भ सांभाळणारी संगणकप्रणाली (२००६ पासून) विनाशुल्क आहे व देवनागरी नोंदी घेते. मात्र मराठी नोंदीत इंग्रजी संक्षेप आपोआप येतात, ते शेवटी हाताने सुधारावे लागतात.

पाठवण्यापूर्वी एक छापील प्रत घेऊन मजकुरातील प्रत्येक निर्देश सूचीत खुणावा, मग उलट सूचीतून मजकुराकडे यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही आणि संदर्भसूची साम्यमोजणीतून वगळली आहे. साम्य वाढेल या भीतीने नोंदी कमी करण्याचे कारण नाही.

मौखिक साधने : व्यक्तिगत संभाषण सूचीत न देता मजकुरात कंसात, तारखेसह देतात. यवतमाळसारख्या भागात शेतकरी-आत्महत्याग्रस्त कुटुंबांशी बोललेले असल्यास नाव व गाव दोन्ही टाळून तालुका व महिना पुरे. जात्यावरच्या ओव्या व झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) दंडार हे लोकनाट्य यांच्या निर्देशाबाबत एकच रूढ नियम नाही. गाणाऱ्याचे नाव (संमती असल्यास), गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ध्वनिमुद्रण कोठे ठेवले आहे, इतके तरी द्यावे.